नवं आहे, तर नवं म्हणा की!

परवा रात्री साडेअकराला भाच्याचा फोन आला. तो सध्या जर्मनीत शिकतोय, त्यामुळे आमची झोपायची वेळ झाली की त्याची नुकती कुठे संध्याकाळ होत असते. ताईचा समज असा आहे की तो मला अभ्यासाबद्दल विचारायला फोन करतो. ताई, तू हे वाचणारच आहेस म्हणून आत्ताच कबूल करून टाकतो. आम्ही नव्वद टक्के वेळ गाण्यांबद्दल बोलतो. :)

तर झालं असं की आदल्या रात्री तो एका कॉन्सर्टला गेला होता. शिंगं, डफ, अंगावर कातडी, धूर, जुन्या नॉर्स भाषेतली गाणी, असा सगळा मामला. बाहेर थंडीत रांगेत उभं असताना पुढच्या माणसाशी ओळख झाली. चाळिशीचा, दाढीवाला, गळ्यात थॉरचा हातोडा. गप्पा मस्त रंगल्या होत्या. मग तो माणूस अगदी प्रेमानं याला म्हणाला, "तू आलास हे छानच झालं. पण आम्हाला जे आत जाणवतं ना, ते तुला नाही जाणवणार. हजार वर्षांपूर्वीचं संगीत आहे हे. आमच्या रक्तात आहे."

यावर भाचा चिडला असता तर मी हे लिहायला बसलोच नसतो. पण तो चिडला नाही. मला म्हणाला, "मामा, तसं बघितलं तर त्याचं बरोबरच आहे ना? आपण उगाच दुसऱ्यांच्या पूर्वजांची गाणी ऐकत बसतो. आपलं आपण ऐकावं."

मी तेव्हा झोपेत काहीतरी थातूरमातूर बोललो आणि फोन ठेवला. नेहमीप्रमाणे खरं उत्तर फोन ठेवल्यावर सुचायला लागलं. ते इथे लिहितोय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

ज्या नातेवाईक मंडळींनी हा प्रकार कधी ऐकलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. याला ढोबळमानानं 'डार्क फोक' किंवा 'नॉर्डिक फोक' म्हणतात. संथ, गंभीर, घुमणारं संगीत. सगळ्यात नावाजलेला बँड म्हणजे नॉर्वेचा वार्द्रुना. तो एइनार सेल्विकनं २००३ साली सुरू केला. हा गडी त्याआधी गोरगोरोथ नावाच्या ब्लॅक मेटल बँडमध्ये ड्रम वाजवायचा. २००९, २०१३ आणि २०१६ असे तीन अल्बम त्यानं रून लिपीच्या चोवीस अक्षरांवर काढले. प्रत्येक अल्बमला आठ अक्षरं. २०१३ पासून 'व्हायकिंग्ज' ही टीव्ही मालिका आली, तिच्यात त्याचं संगीत वाजलं आणि जगभर पोचलं. दुसरा मोठा बँड हाइलुंग. हा २०१४ चा, कोपनहेगनचा. त्यात एक जर्मन, एक डॅनिश आणि एक नॉर्वेजियन बाई अशी तीन मुख्य मंडळी. यांच्यामागून आता डझनावारी बँड आलेत. फ्रान्सपासून सैबेरियापर्यंत.

मला हे संगीत आवडतं. वार्द्रुनाचा पहिला अल्बम मी निघाल्यापासून ऐकतोय, आणि त्यावरून घरात पुष्कळ बोलणी खाल्ली आहेत ("हे काय कुणी गेल्यासारखं लावून बसतोस?"). तेव्हा पुढे जे लिहिलंय ते बाहेरच्या माणसानं लिहिलंय असं समजू नका.

माझं भांडण आहे ते 'प्राचीन' या शब्दाशी.

व्हायकिंग काळ म्हणजे साधारण ७९३ ते १०६६. या काळातल्या संगीताची एकही लिहिलेली चाल उपलब्ध नाही. एकही नाही! ते लोक संगीत लिहून ठेवत नसत. उत्तरेतलं सगळ्यात जुनं लिहिलेलं लौकिक गाणं सापडतं ते १३०० च्या आसपासच्या एका हस्तलिखितात. मूळ मजकूर आहे स्कोने प्रांताचा कायदा, सगळा रून लिपीत, आणि शेवटी कुणीतरी एका गाण्याच्या दोन ओळी सुरावटीसकट लिहून ठेवल्यात. तेव्हा व्हायकिंग काळ संपून दोनशेहून जास्त वर्षं झाली होती आणि सगळा प्रदेश ख्रिश्चन झालेला होता.

मग त्यांचं गाणं कसं होतं हे ऐकलेल्या कुणी लिहून ठेवलंय का? ठेवलंय. १०व्या शतकात स्पेनमधल्या तोर्तोसा गावचा इब्राहिम इब्न याकूब हा प्रवासी हेडेबीला गेला होता. हे त्या काळचं मोठं बंदर. त्यानं नमूद केलंय की इतकं वाईट गाणं आपण आयुष्यात ऐकलं नाही. घशातून गुरगुर येते, कुत्र्यांच्या भुंकण्यासारखी, आणि तीही जास्त रानटी. (आमच्यातले डेथ मेटलवाले हे वाचून खूश होतील.) पण एका वैतागलेल्या पाहुण्याच्या शेऱ्यावरून चाल बांधता येत नाही. आपल्या गाण्याबद्दल बाहेरच्यांनी काय काय लिहून ठेवलंय ते आठवा म्हणजे झालं.

आता वाद्यं. इथे पुरावा थोडा बरा आहे. हाडांच्या बासऱ्या सापडल्यात. इंग्लंडात यॉर्कला १९७६ साली १०व्या शतकातली एक लाकडी पावा-पट्टी सापडली. एकाच लाकडाच्या तुकड्यात कमीजास्त खोलीची भोकं पाडलेली, आणि ती अजून वाजते! नॉर्वेत ओसेबर्गला ८३४ सालचं दफन केलेलं जहाज १९०४ मध्ये उकरलं, त्यात लाकडी तुतारी होती. लायर नावाचं, चौकटीत तारा ताणून बोटांनी छेडायचं वाद्य होतं हे नक्की, कारण त्याच्या घोड्या सापडल्यात. काही तर अंबरच्या.

आणि डफ? ज्याच्यावर या सगळ्या संगीताचा डोलारा उभा आहे तो डफ? स्कँडिनेव्हियात व्हायकिंग काळातला डफ किंवा ढोल उत्खननात मिळालेला नाही. कातडं आणि पातळ लाकूड कुजतं, मान्य. पण पुरावा कुजला असेल, म्हणजे वस्तू होतीच, असं होत नाही. एका जुन्या कवितेत एक शब्द आहे, त्याचा अर्थ डफ घ्यायचा की पेटीचं झाकण, यावर पंडितांचं अजून एकमत नाही. म्हणजे बघा, व्हायकिंग डफाचा मुख्य आधार कदाचित झाकण आहे.

पुढे. रडवेला, खरखरीत आवाज देणारं घोड्याच्या केसांचं वाद्य, तागेलहार्पा, हे तर या संगीताची ओळखच झालंय. पण गजानं वाजवायची वाद्यं पश्चिम आणि उत्तर युरोपात पोचली तीच मुळी ११व्या शतकाच्या सुमाराला, म्हणजे व्हायकिंगांची गाडी स्टेशन सोडत असताना. आज जे तागेलहार्पा आपण ऐकतो ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ओट्टो अँडरसन या अभ्यासकानं एस्टोनियाच्या किनाऱ्यावरच्या स्वीडिशभाषक लोकांकडे नोंदवलं, म्हणून माहीत आहे. ते घशातले घुमारे? ते मंगोलिया आणि तुवाकडचे. मोठ्या वळणदार काशाच्या तुताऱ्या, आपल्या शिंगासारख्या? त्या कांस्ययुगातल्या. डेन्मार्कमधल्या ब्रुडेवेल्टेच्या दलदलीत १७९७ साली सहा मिळाल्या, त्या व्हायकिंगांच्याही दीड हजार वर्षं आधीच्या. (लुरपाक लोण्याच्या पाकिटावर असतात त्या याच.) आणि हाइलुंगच्या मंचावर तर आपला राजस्थानचा रावणहत्था असतो!

आणखी एक गंमत. वार्द्रुनानं ज्या चोवीस अक्षरांवर तीन अल्बम बांधले, ती चोवीस अक्षरांची लिपी व्हायकिंग काळ सुरू होता होता मागे पडली होती. व्हायकिंग मंडळी सोळा अक्षरांची लिपी वापरायची. म्हणजे 'व्हायकिंग संगीत' म्हणून जे मालिकेतून घरोघरी पोचलं, ते व्हायकिंगांनी स्वतः टाकून दिलेल्या लिपीवर आधारलेलं होतं.

आता इथे एक वर्ग टाळ्या वाजवणार. हे दुसऱ्या टोकाचे लोक मला तितकेच त्रास देतात. "बघा, आम्ही म्हणत होतोच, सगळा बनाव आहे, सिनेमाचं पार्श्वसंगीत आहे, कातडी पांघरून पैसे कमवायचे धंदे आहेत." यांच्या मते एखादी गोष्ट जुनी निघाली नाही की लगेच खोटी.

अहो, नवी आहे! नवी गोष्ट खोटी कशी काय होईल?

सेल्विकनं काय केलं ते बघा. ज्या अक्षराचा अर्थ भूर्जवृक्ष, त्यासाठी तो भूर्जाच्या झाडांपाशी गेला. पाण्याच्या अक्षरासाठी पाण्यात उभा राहिला. लायर वाजवायला शिकला. तेराव्या शतकातल्या हस्तलिखितातल्या देवादिकांच्या कवितांवर वर्षानुवर्षं डोकं घातलं, आणि चाली स्वतः बांधल्या. आणि तो हे लपवत नाही. आपण कुठल्या ठरावीक काळाच्या संगीताची नक्कल करत नाही, जुन्या सामग्रीतून नवं काही बनवतो, असं तो मुलाखतींतून सांगत आलाय. हाइलुंगचं बोधवाक्य आहे 'आवाज वाढवलेला इतिहास' अशा अर्थाचं. ते मला अर्धंच पटतं, कारण त्यातला बराचसा आवाज त्यांचा स्वतःचा आहे. पण शिलालेखांवरचे आणि ताइतांवरचे मजकूर उचलून त्यांना कंठ फोडायचा, ही कल्पना सुचायलाही डोकं लागतं.

जुन्या कविता कशा गायल्या असतील याचा शिस्तीत शोध घेणारेही आहेत. बेंजामिन बॅग्बी आणि त्याचा सेक्वेन्शिया हा गट आइसलंडला गेला, तिथल्या रीमुर या गायनपरंपरेच्या चालींचा अभ्यास केला आणि १९९९ मध्ये एड्डातल्या कवितांचा अल्बम काढला. तो ऐकताना डफ नाही, धूर नाही, एक माणूस शांतपणे गोष्ट सांगतोय असं वाटतं. खरं सांगायचं तर पहिल्यांदा मला तो कंटाळवाणा वाटला होता. जाहिरातीतल्या 'प्राचीन'ची आपल्याला किती सवय झालीय ते तेव्हा कळलं.

तुम्ही म्हणाल, बँडवाले स्वतः नवं म्हणतायत, ऐकणाऱ्याला आवडतंय, मग एका शब्दावरून एवढं काय? म्हणू देत की लोकांना प्राचीन. कुणाचं काय जातं?

जातं. दोन ठिकाणी जातं.

पहिलं नुकसान त्यांचं, ज्यांच्याकडे खरोखर जुनं काहीतरी शिल्लक आहे. नॉर्वेत हार्डांगर फिडल आहे. वरच्या तारांखाली सारंगीच्या तरफांसारख्या गुंजणाऱ्या तारा असतात. यातली सगळ्यात जुनी मानली जाणारी फिडल १६५१ ची आहे. एकोणिसाव्या शतकात धर्माच्या नावानं हे सैतानाचं वाद्य ठरवून लोकांनी फिडली फोडल्या, जाळल्या. तरी वाजवणारे टिकले. सेतेसदाल या एका खोऱ्यातली गाणी, वादन आणि नाच २०१९ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेले. फेरो बेटांवर लोक आजही हात धरून साखळीनं नाचत सिगुर्डच्या लांबच लांब कथा गातात, एकही वाद्य नाही, फक्त पावलांचा ठेका. आइसलंडमध्ये रीमुर मरेल या धास्तीनं १९२९ साली इदुन नावाची मंडळी स्थापन झाली आणि त्यांनी १९३५-३६ मध्ये दोनशे चाली ध्वनिमुद्रित करून ठेवल्या. एस्टोनियातल्या वोर्मसी बेटावर १८७० च्या दशकात स्वीडनहून मिशनरी आले, त्या लाटेत तिथली तागेलहार्पा जाळली गेली. जे उरलं त्यावरून अँडरसननं नोंदी केल्या, आणि त्या नोंदींवरून आजचे कारागीर वाद्यं बनवतात.

म्हणजे वाद्य वाचवलं एस्टोनियातल्या बेटावरच्या गरीब मासेमाऱ्यांनी, आणि विकलं जातं 'व्हायकिंग व्हायोलिन' म्हणून. त्या लोकांचं नाव कुठेच नाही.

पण सगळ्यात जास्त चीड येते ती डफाची. उत्तर स्कँडिनेव्हियात सामी लोक राहतात. त्यांची भाषा वेगळी, देव वेगळे. डफ होता तो त्यांच्याकडे, निश्चित, पुराव्यानिशी. कातड्यावर चित्रं काढलेला, त्यांच्या नोआइदीचा, म्हणजे भगताचा. सतराव्या-अठराव्या शतकात मिशनऱ्यांनी आणि सरकारांनी हे डफ शोधून शोधून जप्त केले, जाळले. १६९२ मध्ये वादसो गावात अँडर्स पॉलसेन नावाच्या वृद्ध सामी माणसावर डफ बाळगला म्हणून जादूटोण्याचा खटला चालला. निकाल लागायच्या आधीच कोठडीत त्याचा खून झाला. डफ गेला कोपनहेगनला राजाच्या संग्रहात. तो सामी लोकांच्या मालकीचा झाला २०२२ साली. तीनशे तीस वर्षांनी! असे जुने डफ आज सगळे मिळून सत्तरेक उरलेत. त्यांचं योइक गाणंही पाप ठरवलं गेलं होतं. मारी बोइन ही सामी गायिका याच वातावरणात वाढली, आणि १९९४ च्या लिलेहामर ऑलिम्पिकच्या उद्घाटनात गाण्याचं आमंत्रण तिनं नाकारलं. आपल्याला फक्त शोभेला बोलावलंय असं तिचं म्हणणं होतं.

आता विचार करा. ज्या लोकांकडून डफ हिसकावून जाळला, त्यांच्या शेजाऱ्यांचे वंशज तोच डफ मंचावर आणतात आणि ऐकणारा म्हणतो, "हे आमच्या रक्तात आहे." बँडनं डफ वापरू नये असं मी म्हणत नाही. वाद्यं अशीच इकडून तिकडे जातात, जाऊ देत. पण 'प्राचीन नॉर्स डफ' असं म्हटलं की त्या क्षणी पॉलसेन गोष्टीतून गायब होतो. 'हा डफ आमच्याकडे असल्याचा पुरावा नाही, सामी लोकांकडे होता आणि आम्ही त्याचं काय केलं ते असं असं' एवढं सांगितलं तर संगीताचं काहीही बिघडत नाही. उलट मला तर तो डफ जास्त ऐकू येईल.

दुसरं नुकसान रांगेतल्या त्या दाढीवाल्याच्या वाक्यात आहे. रक्त.

हा शब्द आभाळातून पडलेला नाही. शिंगांची शिरस्त्राणं घालणारे व्हायकिंग ही १८७६ ची करामत. बायरॉइथला वाग्नरच्या ऑपेरासाठी कार्ल एमिल डोप्लरनं पोशाख काढले, तिथून ती डोक्यात बसली. तोवर हा सगळा हौसेचा मामला होता. पुढे १९३५ मध्ये हिमलरनं 'पूर्वजांचा वारसा' शोधायला खास संस्था काढली. रून अक्षरं एसएसच्या गणवेशावर गेली. नॉर्वेत क्विसलिंगच्या पक्षाचे लोक बोर्रेच्या प्राचीन टेकाडांवर मेळावे भरवायचे. आणि हे जुनं झालं म्हणाल, तर २०११ साली नॉर्वेत ७७ माणसं मारणाऱ्यानं आपल्या बंदुकांना ओडिनच्या भाल्याचं आणि थॉरच्या हातोड्याचं नाव दिलं होतं.

रांगेतला माणूस त्यातला होता असं मी म्हणत नाही. बहुतेक साधा, भला माणूस असणार. त्यानं भाच्याला थर्मासातली कॉफीही दिली. पण तो जे बोलला ते बोलायला त्याला एकाच गोष्टीचा आधार लागतो, आणि ती म्हणजे हे संगीत हजार वर्षं जसंच्या तसं रक्तातून झिरपत आलंय हा समज. तो समज काढून घ्या, वाक्य कोसळतं. ज्या चालीचा जन्म २००९ चा आहे, ती कुणाच्या रक्तात कशी असेल? जर्मन गायक, मंगोलियाकडचा घसा, एस्टोनियातलं वाद्य, सामींचा डफ, राजस्थानचा रावणहत्था, ब्लॅक मेटलमधून आलेला ड्रमर आणि आजचा स्टुडिओ. यातलं कुठलं रक्त म्हणायचं?

हाइलुंगचा कार्यक्रम सुरू होताना मंडळी गोल करून उभी राहतात आणि माणसं, प्राणी, झाडं, दगड सगळी एकमेकांची भावंडं आहेत अशा अर्थाचं काहीतरी म्हणतात. हेतू चांगला आहे, याबद्दल मला शंका नाही. पण आत भावंडं म्हणायचं आणि बाहेर जाहिरातीत 'पूर्वजांची हाक' विकायची, हे दोन्ही एकदम कसं चालेल? हाक पूर्वजांची असेल तर कुणाच्या पूर्वजांची, हा प्रश्न येणारच, आणि मग रांगेत कुणीतरी माझ्या भाच्याला वरून खाली बघणारच.

म्हणून माझी मागणी फार छोटी आहे. अल्बमवर सरळ लिहा. शब्द तेराव्या शतकातल्या हस्तलिखितातले, चाल अमुक साली आम्ही बांधलेली, हे वाद्य मध्ययुगातलं, हे कांस्ययुगातलं, हे एस्टोनियातून घेतलं, हे सामींकडून. काही बँड पुस्तिकेत थोडंफार लिहितातही. ते पुस्तिकेच्या आतून बाहेर, नावाशेजारी आणा. आणि जे बँड 'अस्सल व्हायकिंग संगीत' म्हणून माल खपवतात त्यांना आपण ऐकणाऱ्यांनीच विचारावं, बाबा रे, ही चाल कुठे सापडली? कुठल्या टेकाडात?

एक आक्षेप मला माहीत आहे, कारण तो मीच स्वतःला घेतला. 'प्राचीन' काढून टाकलं तर जादू जाईल ना? डोळे मिटल्यावर जे धुकं दिसतं ते दिसेल का? मी परवा मुद्दाम करून पाहिलं. हे सगळं माहीत असताना, दिवे बंद करून, पहिला अल्बम सुरुवातीपासून ऐकला. धुकं दिसलं. काटा यायचा तिथे आला. फक्त या वेळी एक माणूसही दिसला. १०व्या शतकातला नव्हे. जवळजवळ काहीच उरलेलं नाही हे माहीत असूनही थंडगार पाण्यात उभा राहून गाणारा आजचा माणूस. मला तो व्हायकिंगापेक्षा जवळचा वाटला.

आता भाच्याला उत्तर.

बाळा, 'आपलं आपण ऐकावं' हे तू म्हणालास ना, ते त्या माणसाचंच वाक्य आहे, फक्त उलट बाजूनं. त्याच्या रक्तात त्याचं, तुझ्या रक्तात तुझं. आपलं जरूर ऐक, मी कधी नको म्हटलंय? पण रक्ताच्या हिशेबानं ऐकायला लागलास तर तेही नीट ऐकू येणार नाही. आणि पुन्हा कधी तो रांगेत भेटला तर भांडू नकोस. कॉफी घे आणि त्याला सांग की हा पहिला अल्बम २००९ मध्ये आला, तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. तुम्ही तेव्हा पंचविशीत असाल. तोवर ही गाणी कुणीच ऐकलेली नव्हती. तुमच्या आजोबांनी नाही आणि माझ्याही नाही. आपण दोघंही पहिल्याच पिढीचे श्रोते आहोत.

त्याला पटेल की नाही सांगता येत नाही. पण रांग लांब असते आणि थंडी असते, बोलायला वेळ भरपूर मिळतो.

आणि ताई, पुढचा फोन नक्की अभ्यासाबद्दल असेल. निदान पहिली दोन मिनिटं तरी.